लिथुआनियाची चौकशी

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी स्वतःला सावध म्हणतो. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला. भरलेल्या गाडीत कुणी तिकीट काढलेलं नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. तिकीट काढलेला माणूस मी जवळ आलो तरी खिडकीबाहेर बघत राहतो. न काढलेला माणूस मी जवळ आलो की खिडकीबाहेर बघायला लागतो. फरक बारीक आहे, पण एवढ्या वर्षांत त्यानं मला दगा दिला नाही.

या गुणामुळं भावकीत कुणाच्याही पोरीची सोयरीक जुळायला लागली की चौकशीला मला नेतात. नांदेड, मुदखेड, हदगाव, उदगीर, सगळे रस्ते माझ्या पायाखालचे. गाव सांगा, तिथं ओळखीचा एक तरी माणूस निघतोच, आणि तो शेजाऱ्याविषयी खरं बोलायला एका पायावर तयार असतो. मुलाच्या घरी आधी जायचं नसतं. गावातल्या हॉटेलात चहा घ्यायचा, मग न्हाव्याकडं दाढीला बसायचं. "इकडं एखादं रान विकाऊ हाय का?" म्हणून सुरुवात करायची आणि हळूच त्या घरावर यायचं. दारू आहे का, भाऊभाऊ बोलतात का, म्हातारीला कोण सांभाळतं, हे सगळं दाढी होईपर्यंत हातात येतं. मी मोडलेल्या सोयरिकींसाठी लोक मला अजून दुवा देतात. जुळवलेल्यांचं कुणी नाव काढत नाही, ती जगाची रीत आहे.

आम्हाला एकच लेक. मूळचे आम्ही हदगाव तालुक्यातले, पण तिच्या क्लासेससाठी लातूरला खोली केली आणि खोलीचं पुढं घर झालं. ती इंजिनिअर झाली, शिकायला जर्मनीला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. आम्ही दोघं लातूरला उरलो. "जिच्यापायी ह्या गावात आलो, तीच इथं न्हाई," असं बायको महिन्यातून एकदा तरी म्हणते.

नोकरी लागल्यावर पहिल्याच मे महिन्यात लेकीचा फोन आला. म्हणाली, "अप्पा, इकडं युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा असते. दर देशाचं एक गाणं. कोण जिंकणार ते आधी सांगायचं. आमच्या ऑफिसात सगळेच खेळतात. आपण तिघं बी खेळू."

"मला गाण्यातलं काय कळतंय?"

"माणसातलं कळतं की."

या वाक्यावर मी फसलो. तिनं आमच्या तिघांच्या ग्रुपवर गाणी पाठवली. बायकोनं भाकरी थापता थापता सगळी ऐकली आणि ज्या गाण्याला तिचा हात थांबला तो देश सांगून टाकला. मी एकही गाणं पुरतं ऐकलं नाही. मी लेकीला नियम विचारले. मतं कोण देतं? निम्मी मतं पंचांची, निम्मी फोनवरून लोकांची. आपल्याच देशाला देता येतं का? नाही येत. मग शेजाऱ्याला? ते चालतं.

ही तर ग्रामपंचायत झाली! मी तिचा शाळेतला नकाशा माळ्यावरून काढला आणि कोण कुणाच्या बांधाला लागून आहे ते बघत बसलो. भावकी भावकीला मत देते. बांधावरून भांडण असेल तर नाही देत, पण दुसऱ्याची जिरवायची असेल तर तेही देते. पंच मात्र वरून सोवळे दिसतात, त्यांच्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. असा सगळा हिशोब मांडून मी जो देश सांगितला तो दुसरा आला. बायकोचा कुठं राहिला ते शोधावं लागलं. ती म्हणाली, "न येऊ द्या. गाणं चांगलं होतं."

लेक खूश झाली. तिच्या ऑफिसात म्हणे माझी चर्चा झाली. तेव्हापासून मे महिना आला की आमच्या घरात युरोपचा नकाशा भिंतीला लागायचा.

दुसऱ्या वर्षी तिनं लिथुआनिया लिहिलं. मी नकाशात शोधला. वर कोपऱ्यात समुद्राला लागून बारकासा देश, शेजारी तसलेच बारके दोन. भावकी लहान. एवढ्याशा भावकीच्या जिवावर निवडणूक लढवू नये, असं मी तिला सांगितलं. ती हसली. तो देश काही जिंकला नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं पुन्हा लिथुआनियाच लिहिलं, आणि माझे कान टवकारले.

ही पोरगी एकदा चुकलेलं गणित दुसऱ्यांदा चुकत नाही. क्लासच्या परीक्षेत चुकलेला प्रश्न ती रात्री जेवायच्या आधी सोडवून टाकायची, मगच ताटावर बसायची. मग हरलेल्या देशाला ती पुन्हा का धरून बसली? गाणं चांगलं म्हणावं तर मी बायकोला ऐकवलं. तिचा हात भाकरीवर चालूच होता. शेजारपाजारचा हिशोब नाही, गाण्याचा नाही, मग हिशोब कसला आहे?

मी कान आणि डोळे उघडे ठेवले. फोनवर बोलताना एकदा तिच्या तोंडून गेलं, "यंदा आपलं गाणं बरं आहे." आपलं! एकदा व्हिडिओवर बोलताना तिच्या पुढ्यात वाडगा होता, त्यात गुलाबी रंगाचं काहीतरी पातळ. मी विचारलं तर म्हणे बीट, ताकासारख्या दह्यात कालवून थंड खायचं. लातूरला असताना हीच पोरगी बीटची फोड ताटाखाली लपवायची. आणि तिच्यामागच्या खुर्चीच्या पाठीवर एक जाकीट टाकलेलं होतं, ते तिच्या मापाचं नव्हतं. मी त्याविषयी काही बोललो नाही. तिकडं थंडी कितीय, एवढंच विचारलं.

फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "तिकडं कुणीतरी हाय. त्याच देशाचा."

बायको तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिलाच विचारा की."

"ज्याची चौकशी करायची त्यालाच विचारत असतात व्हय?"

"ती तुमची लेक हाय. बिनतिकीट पॅसेंजर न्हाई."

हे उत्तर मला जरा जास्तच तयार वाटलं. त्या दिवसापासून मी बायकोवरही लक्ष ठेवलं. ती लेकीशी बोलताना गच्चीवर जायला लागली होती. विचारलं तर म्हणे खाली रेंज नाही. माझ्या फोनला तर त्याच खोलीत भरपूर रेंज असायची.

पण माझ्या हातात माझी विद्या होती. माणूस माहीत नसला तरी त्याचं गाव माहीत आहे ना? मग गावाची चौकशी करायची. गाव जरा लांब होतं, एवढंच. आमच्या भागातली बरीच पोरं डॉक्टरकीला परदेशी जातात. जुन्या ओळखी हलवल्या, तेव्हा नांदेडचे एक बियाण्यांचे दुकानदार निघाले, ज्यांचा मुलगा त्याच देशात शिकून आला होता. मुलाला भेटायला ते स्वतःही तिकडं जाऊन आले होते. दसरा झाल्यावर एका सकाळी मी लातूरहून नांदेडची गाडी धरली. बायकोला सांगितलं, पेन्शनचं काम आहे.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी हरभऱ्याचं बियाणं कसं काय यंदा, म्हणून सुरुवात केली. चहा आला. मग हळूच विषय काढला.

"तुम्ही म्हणे तिकडं जाऊन आले. पाणी कसंय तिकडचं?"

"पाणी लई. तळीच तळी. जंगल बी लई."

"आणि रान?"

"काळं न्हाई आपल्यासारखं. बटाटे, गहू, बीट. पण मेहनती लोक हायत. म्हाताऱ्या बाया बी परसात वाफे करतेत."

"पितेत का?"

दुकानदारांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पेणारे कुठं न्हाईत? पण रस्त्यात पडलेला मी तरी न्हाई बघितला."

"बोलायला कसे?"

"बोलतच न्हाईत. पहिल्या दिवशी वाटलं, आपल्यावर चिडलेत का काय. घरमालकीण आठ दिवस हसली न्हाई. पण पोराला ताप आला तर रोज सूप घेऊन यायची. शब्दाला पक्के. पाचला येतो म्हणला की पाचला दारात." मग त्यांनी कप खाली ठेवला. "पण पाव्हणं, तुमचं तिकडं नेमकं काय हाय? सोयरीक?"

"छे, छे. गाण्याची एक स्पर्धा असती, त्यापायी विचारून राहिलो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा चौकशीत अर्धं तरी खरं बोललो आणि त्यांना ते अजिबात पटलं नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीला बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मन जरा हलकं झालं होतं. कमी बोलणारा, शब्दाला पक्का, आजाऱ्याला बघणारा. एखाद्या गावातून एवढं कळलं असतं तर मी पोरीच्या बापाला सांगितलं असतं, पुढं जायला हरकत न्हाई. पण देश म्हणजे माणूस नव्हे. चांगल्या गावातही एखादं घर वाईट असतं. आणि जात, भाषा, अंतर? लेक तिकडचीच झाली तर आम्ही म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? घर येईपर्यंत मन पुन्हा जड झालं, आणि मी कुणालाच काही सांगितलं नाही.

हिवाळ्यात माझ्या चुलतभावानं हदगावकडचं एक स्थळ आणलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी. मी तिथं जाऊन दाढीही केली, खोट निघाली नाही. बायको म्हणाली, "घाई कामून करून राहिले? पोरीला विचारा आधी." मी म्हणालो, विचारू. पण विचारलं आणि तिनं तिकडचं नाव घेतलं तर मग मला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. न विचारता जोवर संशय आहे, तोवर दोन्ही बाजू उघड्या. हदगावकरांनी मात्र घाई लावली. मे महिन्यात शब्द द्या म्हणाले, नाहीतर आम्हाला दुसरीकडं बघू द्या. शब्द दिला आणि नंतर पोरीचं तिकडचं बाहेर आलं, तर सोयऱ्याधायऱ्यांत मला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. ज्यानं आख्ख्या भावकीची लग्नं पारखली, त्याच्या घरात हे? शब्द देण्याआधी मला पक्कं कळायला हवं होतं.

म्हणून यंदाच्या स्पर्धेकडं मी डोळे लावून बसलो. गाणी आली. बायकोनं तिचा देश सांगितला. लेकीनं लिहिलं, स्वीडन.

मी ते वाचून खुर्चीतून उठलोच. स्वीडन! म्हणजे हिला सुगावा लागला. आईनं स्थळाचं कानावर घातलं असणार आणि ही सावध झाली. चेकर पुढच्या स्टॉपला चढणार हे कळलं की बिनतिकीट माणूस आधीच दाराशी जाऊन उभा राहतो, तसंच हे. देश लपवला म्हणजे माणूस आहे, आणि आता लपवण्याइतका आहे. मी ठरवलं, हिला बोलती करायची. त्याच ग्रुपवर, तिच्या खाली, मी लिहिलं: लिथुआनिया.

दुपारभर ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. ती नेहमी व्हिडिओ लावते. त्या दिवशी नुसता आवाज होता.

"अप्पा, तुम्ही लिथुआनिया कामून लिहिलं?"

"गाणं आवडलं."

"तुम्ही गाणं ऐकलंच न्हाई. तुम्ही कधीच ऐकत न्हाई."

हे खरं होतं. मी डाव उलटवला. "तू कामून सोडलं मग? दोन वर्षं तर धरून ठेवलं होतं."

मला वाटलं, सापडली. मग ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं होतं म्हणजे."

"मला सगळं दिसतं."

"म्हाईत हाय. म्हणून तर लिहीत होते." तिचा आवाज अगदी सरळ होता. "मी आपणहून सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणला असता, ठरवूनच सांगून राहिली, आता आम्हाला कशाला विचारती. म्हणून मला वाटलं, तुम्ही विचारावं. दोन वर्षं तुमच्या डोळ्यापुढं धरलं. आईनं एका महिन्यात विचारलं, तिला सांगितलं. ती म्हणली, अप्पा विचारतील, थांब."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. जे तोंडात आलं ते मी बोललो. "मी चौकशी केली होती. नांदेडला गेलो होतो. लोक चांगले हायत म्हणले. शब्दाला पक्के हायत."

ती हसली. हसणं लवकरच थांबलं.

"नांदेडच्या दुकानदाराला विचारलं, अप्पा. मला न्हाई विचारलं."

"आता विचारतो की."

"आता काय उपयोग? मी त्याला सांगितलं होतं, माझ्या वडिलांच्या नजरेतून काही सुटत न्हाई, ते विचारतील, मग मी सांगीन. तो म्हणला, ठीक हाय, थांबू. थांबला बी. मग म्हणायला लागला, तुझे वडील विचारणार न्हाईत, त्यांना विचारायचंच न्हाई. मी त्याच्याशी भांडले. तुमच्यापायी भांडले. हिवाळ्यात तो नोकरी सोडून त्याच्या देशात गेला. परत येणार न्हाई म्हणला."

"परत यील की."

"न्हाई येत. ते शब्दाला पक्के असतात, तुम्हीच म्हणला."

ज्याला मी लपवणं समजलो, ते लपवणं नव्हतंच. तिच्याकडं आता त्या देशाचं नाव लिहायला कारण उरलं नव्हतं, एवढाच स्वीडनचा अर्थ होता. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्या हदगावच्या लोकांना काय सांगायचं ते सांगून टाका. मला आता कुणी बी चालतं."

फोन ठेवला तिनं. बायको दारात उभी होती. मला वाटलं, भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, चार्जिंगला लावला आणि आत गेली.

स्पर्धा झाली. कुणीतरी जिंकलं असेल. ग्रुपवर कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. मी भिंतीवरचा नकाशा काढायला गेलो आणि तसाच राहू दिला.

कुणी बी चालतं, हे तिचे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. माझ्या हाताखालून एवढ्या पोरींच्या सोयरिकी गेल्या. त्यांतली कोण असं म्हणाली होती, ते मला माहीत नाही, कारण पोरीशी बोलायचा तर कधी प्रश्नच आला नव्हता. आणि माझी लेक असं म्हणत होती. स्थळ उत्तम होतं, हदगावचं घर चांगलं होतं, शब्द द्यायला मला कसलीच अडचण उरली नव्हती. जे मला पक्कं कळायला हवं होतं ते कळलं होतं. तिकडं आता कुणी नव्हतं. माझी अब्रू शाबूत होती. दोन दिवस मी त्या अब्रूकडं बघत बसलो आणि मला तिची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी चुलतभावाला फोन करून नकार कळवला. तो भडकला. "कामून? काय खोट निघाली त्यांच्यात?"

"त्यांच्यात न्हाई निघाली," मी म्हणालो. "आमच्यात निघाली." पुढं तो बरंच बोलला. मी ऐकून घेतलं.

मग लेकीला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी होती. मागं माणसांचा, ताटांचा आवाज येत होता. हदगावला नाही म्हणून सांगितलं, हे मी आधी सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं." पुढचं बोलायला मला जड गेलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून मी कुणाविषयी काहीही विचारू शकतो, पण लेकीला सरळ प्रश्न विचारताना माझी जीभ वळेना.

"त्याचं नाव काय?"

"आता कामून विचारून राहिले, अप्पा?"

"मला म्हाईत न्हाई म्हणून."

तिनं नाव सांगितलं. मला ते धरता आलं नाही. पुन्हा विचारलं. तिनं तुकडे करून, सावकाश सांगितलं. मी तसंच म्हणून बघितलं, चुकलो, तिनं दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा मला ते नीट म्हणता आलं, आणि माझ्या तोंडून ते ऐकल्यावर ती तिथं, सगळ्या लोकांत, रडायला लागली.